गिरिजाच्या डोक्यातली जाळी

"घरात कुणाच्या डोक्यातली नस फुगली होती का? फुटून कुणी गेलंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी म्हणाले, "नाही."

माझी मुलगी गिरिजा डोकं गच्च धरून बसली होती. जावई प्रकाश शेजारी उभा. मी आधी त्याच्याकडे बघितलं — आणि मग नाही म्हणाले. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

माझा थोरला भाऊ, अण्णा, तसाच गेला. शिवाजीनगरात दुकानाचं शटर ओढताना कोसळला. तेव्हा गिरिजाचं लग्न ठरत होतं. घराण्यात डोक्याचा आजार म्हटल्यावर मुलगी कोण करून घेणार? न्हाणीत पाय घसरला, असं आम्ही सांगितलं. आम्ही कसलं — मीच सांगितलं. बाकीच्यांनी माना हलवल्या.

पण आता, इतक्या वर्षांनी, कसली भीती होती? प्रकाश तिला हाकलणार होता? छे. मला त्याच्यासमोर खोटारडी ठरायचं नव्हतं, एवढंच.

बाईंनी अर्धशिशीच्या गोळ्या दिल्या. आठवड्याभरात गिरिजाची एक पापणी खाली आली, उघडेना. तिचीही नस फुगली होती; त्या आठवड्यात ती कधीही फुटली असती.

मोठ्या इस्पितळात पुन्हा तोच प्रश्न. या वेळी मी अण्णाचं सांगून टाकलं. प्रकाश माझ्याकडे बघत राहिला. मग डॉक्टरांना म्हणाला, "आधी विसरल्या असतील. वय झालंय." आणि मला — "आई, थोडी कॉफी घ्या. तुम्ही पडलात तर कुणाकुणाला उचलू?"

मी कॉफी घेतली. विसरले नव्हते — हे तेव्हाही बोलले नाही.

मांडीच्या शिरेतून जाळीची बारीक नळी थेट डोक्यापर्यंत नेली. फुगीच्या तोंडावर ती आधी वाकडी बसली. डॉक्टरांनी मिटून मागे घेतली, पुन्हा उघडली, नीट बसवली. अशी परत बसवता येणारी जाळी कुणी केली, मला ठाऊक नाही. मी चौथी शिकलेली. पण सकाळी दिवा लावते तेव्हा देवाच्या आधी ती जाळी करणाऱ्यांना हात जोडते. मग प्रकाशला. आधी नाही का म्हणालात, हे त्यानं आजवर एका शब्दानं विचारलेलं नाही.

काल गिरिजा स्वतः जाऊन भाजी घेऊन आली. वांगी किडकी निघाली. दोन्ही डोळे नीट उघडतात तिचे.

गिरिजा वाचली.