डावीकडे कललेली इमारत

आमची चार मजली इमारत डावीकडे कलली आहे, हे सगळ्यात आधी मला कळलं. शुक्रवारी सकाळी, बिछान्यात, डाव्या कुशीवर वळताना. खोलीनं गिरकी घेतली, पंखा भिंतीवर गेला, कपाट छताकडे निघालं. मी गादीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि ओरडलो, "अगं, धर!"

"काय धरू?" बायको दचकून उठली.

"इमारत!"

अर्ध्या मिनिटात सगळं सामान आपापल्या जागी परत आलं. मी घामानं निथळत होतो. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, आपल्याला चक्कर आली. मला तसं वाटलं नाही. चक्कर हा प्रकार आमच्या घरात बायकोच्या नावावर होता. तिला मधूनमधून यायची, ती मला सांगायची, आणि "उपास कमी कर" एवढा सल्ला देऊन मी मोकळा व्हायचो. वरच्या फळीवरचा चिवड्याचा डबा तिनं कित्येक दिवसांत स्वतः काढला नव्हता. वर बघितलं की गरगरतं म्हणायची. मी डबा काढून द्यायचो आणि वर तिच्या उंचीवरून तिला चिडवायचो.

शिवाय माझा धंदाच तसा. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मशीनं बसवतो. नवं मशीन आलं की ते पायावर ठेवायचं आणि बोल्ट केसाकेसानं वर-खाली करत पातळीत आणायचं. तीस वर्षं हेच करतोय. मशीन थरथरू लागलं, माल वाकडा निघू लागला, की पहिला प्रश्न एकच, "लेव्हल बघितली का?" माणसाकडे नंतर बघायचं, आधी पायाकडे.

बायको म्हणाली, "चक्कर असेल हो. एकदम उठू नका. आधी कुशीवर व्हा, मग पाय खाली सोडा, दोन मिनिटं बसा, मग उभे राहा. आणि वर बघू नका."

"तुला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणालो. हे लिहायला नको वाटतं, पण असंच म्हणालो.

पातळी बघायची माझी लेव्हल बॉटल लाकडी पेटीत, मखमलीत झोपलेली असते. भयंकर नाजूक. मीटरभर पट्टीच्या एका टोकाखाली सिगारेटचा कागद सरकवला, तरी तिच्यातला बुडबुडा हलतो. ती मी बेडरूमच्या फरशीवर ठेवली. बुडबुडा जो उजवीकडे पळाला तो काचेच्या टोकाला जाऊन चिकटला. बुडबुडा उंच बाजूला जातो, म्हणजे डावी बाजू खचलेली. स्वयंपाकघरात ठेवली, उजवीकडे. बाथरूममध्ये ठेवली, उजवीकडे. हॉलमध्ये तो डावीकडे गेला, तेव्हा मी बॉटल फिरवून ठेवली.

आता कुठलाही शिकाऊ फिटर सांगेल की ती बॉटल घराच्या फरशीवर ठेवायचीच नसते. गवंड्यानं कितीही जीव लावून फरशी बसवली, तरी त्या बॉटलीला ती घाटासारखीच दिसणार. बाथरूमला तर पाणी वाहून जावं म्हणून मुद्दाम उतार देतात. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी कारखान्यात नवं ग्राइंडिंग मशीन येणार होतं आणि ते मीच बसवायचं होतं. लेव्हलच्या बाबतीत माझा शब्द कारखान्यात शेवटचा. माझं डोकं फिरतं हे साहेबांच्या कानावर गेलं असतं, तर त्यांनी मला सरळ स्टोअरमध्ये नट-बोल्ट वाटायला बसवलं असतं. मी घाबरलो होतो. इतका, की चार मजली इमारत वाकडी निघालेली मला चालत होती, मी वाकडा निघालेला चालत नव्हतो.

संध्याकाळी मी सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं. पाथर्डी फाट्याजवळची आमची इमारत म्हणजे निम्मं अंबडच. कुणी टर्नर, कुणी फिटर, सेक्रेटरी स्वतः इन्स्पेक्शनला. त्यांनी बुडबुडा बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला. "तुम्ही म्हणताय म्हणजे प्रश्नच मिटला," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शनिवार, म्हणजे अंबडची सुट्टी. गच्चीवर तातडीची सभा भरली आणि येताना जो तो आपापलं हत्यार घेऊन आला. कुणाकडे डायल गेज, कुणाकडे गुण्या. एकानं कॅलिपर आणला होता, पण त्यानं काय मोजायचं हे त्याला सुचेना, म्हणून तो पाण्याच्या टाकीची जाडी मोजत बसला. प्रत्येकाच्या हत्यारानं इमारत वेगळ्या दिशेला कललेली दाखवली. ती कलली आहे, यावर मात्र एकमत झालं.

मग एकेकाला आठवू लागलं. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं दूध नेहमी डावीकडूनच उतू जायचं. एकींचा डोसा तव्यावर एका बाजूला जाड व्हायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना जिना चढताना कुणीतरी हळूच ओढल्यासारखं वाटायचं. सिंहस्थाच्या कामांसाठी समोरचा रस्ता तिसऱ्यांदा खणला होता, तेव्हा कारण शोधायलाही लांब जावं लागलं नाही. सेक्रेटरींनी मतदान घेतलं. बहुमतानं इमारत कललेली ठरली. तळमजल्यावाले तटस्थ राहिले. ते म्हणाले, "कुठंही कलली तरी पडणार आमच्यावरच."

ठराव असा झाला, की तज्ज्ञ माणूस मिळेपर्यंत डावीकडच्या फ्लॅटवाल्यांनी आपली लोखंडी कपाटं उजवीकडच्या भिंतींना लावावीत. दिवसभर इमारतीत कपाटं करकरत सरकत होती. आमचंही सरकवलं. मी जोर लावायला खाली वाकलो आणि खोली पुन्हा फिरली. मी मनातल्या मनात म्हणालो, बघा, अजून कलतेय.

पुढचा आठवडा मी मान ताठ ठेवून कामावर गेलो. कुणी हाक मारली की मान न वळवता अख्खाच वळायचो. कामावरची पोरं समजली, साहेबांशी भांडण झालं असणार. घरी बायकोनं न विचारता माझ्या उशीखाली दुसरी उशी सरकवली. रोज सकाळी ती म्हणायची, "आधी कुशीवर. उजव्या." मी मुकाट्यानं तसं करायचो, कारण त्यानं बरं वाटायचं. तिला हे कुठून कळलं, हे काही मी विचारलं नाही.

तिनं गुपचूप कळवणला भावाला फोन केला होता. गुरुवारी माझा मेहुणा कांद्याची गोणी घेऊन दारात हजर.

"दाजी, लय सोपं हाय. कांदा फोडायचा न् हुंगायचा. चक्कर पळून जाती."

"मला चक्कर येत नाही. इमारत कललीय."

"बरं. मग इमारतीला हुंगवू," असं म्हणून त्यानं कांदा माझ्याच नाकाशी धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, नाक मोकळं झालं, आणि कूस बदलताच खोली फिरायची ती फिरलीच. शेजाऱ्यांनी मानेचे मणके सांगितले आणि स्वतःचा गळपट्टा आणून दिला. समोरच्या काकूंनी पित्त सांगितलं. मी ते सगळं करून बघितलं. वरून सगळ्यांना सांगत राहिलो, की मला काही झालेलं नाही.

शनिवारी सेक्रेटरींनी एका म्हाताऱ्या गवंड्याला आणलं. त्याच्याकडे एक ओळंबा होता, दोरीला बांधलेलं पितळी वजन, बस्स. गच्चीवरून त्यानं तो भिंतीलगत खाली सोडला. अख्खी सोसायटी खाली जमलेली. दोरी आणि भिंत यांतलं अंतर खाली-वर सारखं आहे का, ते बघायचा मान अर्थातच माझा. मी ऐटीत पुढे झालो.

"बघा सायेब!" गवंडी वरून ओरडला.

मी मान मागे टाकून वर बघितलं. अख्खी इमारत माझ्या अंगावर आली.

"पडली! पडली!" असं ओरडत मी दोरी धरली आणि दोरीसकट जास्वंदीच्या वाफ्यात आडवा झालो. माझा शब्द म्हणजे शेवटचा! लोक किंचाळत रस्त्यावर पळाले. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा, ज्यांना जिन्यात कुणीतरी ओढायचं, ते सगळ्यांच्या पुढे होते. गवंड्यानं कठड्यावरून खाली डोकावून बघितलं.

"इमारत सरळ हाय," तो म्हणाला. "सायेबच पडले."

"नाचता येईना अंगण वाकडं," गर्दीतून कुणीतरी पुटपुटलं. मेहुण्यानं खिशातून कांदा काढला. बायकोनं त्याचा हात बाजूला केला, माझ्या केसांतली माती झटकली आणि म्हणाली, "पुरे झालं. डॉक्टरकडे चला."

कान-नाक-घशाच्या डॉक्टर होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "डोळ्यांपुढे अंधारी येते, की खोली फिरते?"

"खोली फिरते."

"किती वेळ?"

"अर्धा मिनिट. डाव्या कुशीवर वळलं की. नाहीतर वर बघितलं की."

बोलताना जीभ जड होते का, एकाचे दोन दिसतात का, हातापायातली शक्ती जाते का, चालताना तोल जातो का, सगळं विचारून झालं. "यातलं काही असतं तर इथं न थांबता तुम्हाला मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं असतं," त्या म्हणाल्या. "लोक सगळ्यालाच चक्कर म्हणतात. उठल्यावर अंधारी येते ती रक्तदाबाची असेल, रक्त कमी असल्याची असेल. तुमची वेगळी दिसते."

त्यांनी मला टेबलावर बसवलं, डोकं डावीकडे वळवलं आणि झटकन मागे निजवलं, मान टेबलाच्या कडेवरून जरा खाली लोंबती. दवाखाना गरगरला. "डोळे मिटू नका," त्या म्हणाल्या आणि माझ्या बुबुळांकडे बघत राहिल्या. "नाचतायत. डावा कान."

"कान?"

"कानाच्या आत तीन वाकड्या नळ्या असतात, पाण्यानं भरलेल्या. डोकं वळलं की पाणी हलतं, त्यावरून मेंदूला कळतं आपण किती वळलो. शेजारच्या पिशवीत चुन्याचे बारीक कण असतात. वयामुळे, कधी डोक्याला मार लागून, कधी काहीच कारण नसताना ते सुटतात आणि नळीत शिरतात. मग डोकं थांबलं तरी कण पाणी ढकलत राहतात, आणि मेंदूला वाटतं आपण अजून फिरतोय."

"म्हणजे मशीन बरोबर आहे," मी टेबलावर पडल्या पडल्या म्हणालो. "बॉटल बिघडलीय."

"अगदी बरोबर."

मग त्यांनी माझं डोकं हळूहळू उजवीकडे वळवलं, थांबल्या, मला उजव्या कुशीवर घेतलं, नाक जमिनीकडे, पुन्हा थांबल्या आणि उठवून बसवलं. कण जिथून आले तिथं परत घसरले, म्हणे. गोळ्यांनी नुसती मळमळ दबते, कण हलत नाहीत. एकदा पुन्हा करून बघितलं, तर खोली जागच्या जागी. आठवडाभर एक अख्खी इमारत हलवली होती मी, आणि या बाईंनी पाच मिनिटांत नुसतं माझं डोकं हलवलं.

"आता घरी उठायचं कसं, ते सांगते," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे," मी ऐटीत म्हणालो. "आधी कुशीवर, मग पाय खाली, दोन मिनिटं बसायचं, वर बघायचं नाही."

"कुणी शिकवलं?"

"हिनं."

डॉक्टर बायकोकडे वळल्या. "तुम्हाला कसं माहीत?"

"मला होतं ना," ती म्हणाली. "उजवीकडे वळलं की. थांबतं, परत येतं. तीन वर्षं झाली."

"तीन वर्षं? कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं की," तिनं माझ्याकडे बोट केलं. "यांना."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला सोसवेना. डॉक्टरांनी तिलाही टेबलावर निजवलं. मी उशाशी उभा होतो. तिची बुबुळं नाचू लागली आणि तिनं टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली, मी गादी धरली होती तशीच. पण ती ओरडली नाही. तिला सवय होती. मला लाज वाटली. माझं डोकं एकदा फिरलं तर अर्ध्या तासात मी बॉटल काढली, दुसऱ्या दिवशी अख्खी सोसायटी गच्चीवर चढवली. ती तीन वर्षं सांगत होती, आणि मी तिला उपास कमी करायला सांगत होतो.

सोमवारी मी साहेबांना सगळं खरं सांगून टाकलं. ते म्हणाले, थोडे दिवस शिडीवर चढू नका, बाकी मशीन तुम्हीच लावा. लावलं. सोसायटीनं ठराव मागे घेतला, पण कपाटं अजून उजवीकडेच आहेत. तिथं ती बरी वाटतात म्हणे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना माझं पटलेलं नाही.

बायकोला डॉक्टरांकडे आणखी दोनदा जावं लागलं. मध्ये घरी तिचं डोकं धरून वळवायचं काम माझ्याकडे होतं, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे. परवा स्वयंपाकघरात गेलो तर ती टाचा उंच करून, मान मागे टाकून, वरच्या फळीकडे बघत होती. मी धावलो.

"थांब, मी काढतो डबा."

"काढला," ती म्हणाली आणि डबा माझ्या हातात दिला. "फळी मात्र खरंच कललीय हो. डबे पुढे सरकतात. तेही सांगितलं होतं तुम्हाला."

बॉटल न काढताच मी स्क्रू ड्रायव्हर आणायला गेलो.