डावा ब्रेक

श्रीधर गेल्याचा फोन आला तेव्हा मी तारिहाळला कारखान्यात होतो. टूलरूममध्ये आवाज फार, म्हणून फोन घेऊन बाहेर कँटीनच्या भिंतीशी गेलो. उमावहिनी, त्याची बायको, एवढंच म्हणाल्या, "अण्णा, संपलं हो..." मी "येतो" म्हणालो, आत जाऊन मशीन बंद केलं, हात धुतले, वहीत निघाल्याची वेळ लिहिली. असं सगळं रीतसर का केलं, ते अजून मला कळत नाही. त्याआधी सहा दिवस तो दवाखान्यात बेशुद्ध होता, आणि सहाही दिवस कामावरून सुटल्यावर मी बाहेरच्या बाकावर बसून मनात एकच घोकत होतो की उठ बाबा, एकदाच उठ, मला तुला काही सांगायचंय. तो उठला नाही. त्याला पाच आठवडे झाले.

श्रीधर धारवाडला फिजिक्स शिकवायचा, राहायला सप्तापुरात. मी जुन्या हुबळीतला, डिप्लोमा करून टूलरूमला चिकटलो तो चिकटलोच. आमची ओळख लहानपणची वगैरे नाही, सात वर्षांची. रविवारी सकाळी सायकली घेऊन निघणारं एक टोळकं आहे, त्यात तो एकदा पंक्चर झालेली सायकल हातात धरून उभा होता आणि शेजारच्या माणसाला हवेच्या दाबाचा नियम समजावून सांगत होता. चाक काढायचं कसं ते मात्र त्याला ठाऊक नव्हतं. मी काढून दिलं. तेव्हापासून मी त्याचा अण्णा आणि तो माझा... काय म्हणू? भाऊ म्हटलं तर माझा सख्खा भाऊ रागावेल, पण रागावू दे.

गेल्या वर्षी टोळक्यातल्या काहींनी धारवाडबाहेरच्या एका गायरानावर हौशी शर्यती सुरू केल्या. सायक्लोक्रॉस म्हणतात त्याला. चिखलातून, गवतातून गोल फेऱ्या मारायच्या, वाटेत गुडघ्याएवढ्या उंचीच्या दोन फळ्या आडव्या ठेवलेल्या, तिथं चालत्या सायकलवरून उतरायचं, ती उचलून फळ्या ओलांडायच्या आणि पळत पळत पुन्हा बसायचं. शेवटी सगळ्यांना चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि चहा. श्रीधर उसनी जड सायकल घेऊन उतरला, शेवटून पहिला आला आणि मला म्हणाला, "अण्णा, मला अशी एक सायकल करून दे की. विकतची नको. तू केलेली पाहिजे." सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, चष्म्यावर चिखल, आणि खूश इतका की नाही म्हणायची सोयच नव्हती.

पावसाळाभर दर रविवारी माझ्या मागच्या अंगणात आम्ही ती सायकल जुळवली. एक जुनी पोलादी फ्रेम मिळाली, तिला घासून रंग दिला. आमच्याकडची काळी माती चाकाला मळलेल्या कणकेसारखी चिकटते, म्हणून टायर आणि फ्रेममध्ये बोटभर फट राहील अशीच बारीक टायरं शोधली. पुढं दातेरी चकती एकच ठेवली. सीटची उंची ठरवायला पायाचं माप घ्यायचं होतं, तेव्हा हा गडी भिंतीला पाठ लावून, स्वतःच शिकवायचं जाडजूड पुस्तक दोन्ही पायांमध्ये धरून उभा राहिला आणि म्हणाला, "वीस वर्षांत पहिल्यांदा या पुस्तकाचा उपयोग झाला बघ." तो बादली उपडी घालून बसायचा, मागितला तो पाना सोडून दुसराच द्यायचा आणि अखंड बोलायचा. मी त्याला गप्प बस म्हणायचो. किती वेळा म्हटलं असेन...

आता ब्रेकचं सांगतो. ते तेलाचे ब्रेक होते, बाहेरून मागवलेले, कंपनीतूनच तेल भरून बंद करून आलेले. त्यांत हँडलवरचा डावा ब्रेकदांडा पुढच्या चाकाला जोडलेला होता आणि उजवा मागच्या. आपल्याकडं सायकल असो की स्कूटर, उजवा हात पुढचा ब्रेक. शिवाय या शर्यतीत उतरायचं ते डाव्या बाजूनं. त्या वेळी उजवा हात फ्रेमचा दांडा धरायला सुटतो आणि ब्रेकवर एकटा डावा हात राहतो. तो मागचं चाक धरणाराच हवा. पुढचं धरलं तर सायकल मागून उचलली जाते. हे मला ठाऊक होतं. पण बदलायचं म्हणजे दोन्ही नळ्या कापायच्या, तेल नव्यानं भरायचं, आतली हवा काढायची. त्याचं सामान माझ्याकडं नव्हतं. आणि तीस वर्षं टूलरूममध्ये मी एकच शिकलो, ड्रॉइंगप्रमाणं चालायचं, सील करून आलेलं उघडायचं नाही. कंपनीनं तसं जोडलंय म्हणजे काही विचार करूनच जोडलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. श्रीधरला सांगायचं राहिलं असं लिहिणार होतो. पण राहिलं नाही, मी टाळलं. पंधरा दिवस त्यानं ती सायकल चालवली आणि एक शब्द बोलला नाही, तेव्हा मला वाटलं, झाली असेल सवय.

शर्यतीच्या दिवशी मी फळ्यांपाशीच उभा होतो. तिसऱ्या फेरीला तो उतारावरून नेहमीपेक्षा जोरात आला. मी ओरडलो, "श्रीधर, सावकाश!" त्यानं हसून बघितलं, उजवा पाय मागून डावीकडं आणला, उजवा हात फ्रेमच्या दांड्यावर गेला, आणि डाव्या हाताची बोटं मिटलेली मी पाहिली. मागचं चाक उचललं. तो फळीपलीकडं डोक्यावर पडला. हेल्मेट होतं, तरी मान... मी सगळ्यांत आधी पोहोचलो आणि मला तिथंच, त्या क्षणी, सगळं कळलं होतं.

टोळक्यातल्या एकानं दवाखान्यात माझ्या खांद्यावर हात ठेवून कन्नडमध्ये म्हटलं, "बिड्री अण्णा, हणेबरह." सोडा हो, नशिबात होतं. मी त्याचा हात झटकला. नशिबाला काय पाना धरता येतो? ब्रेक मी लावले होते.

चौदावा झाल्यावर मी सप्तापूरला गेलो. वहिनी शेंगा मोडत बसल्या होत्या. मी बसलोच नाही, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मला त्यांनी घराबाहेर काढावं अशी माझी इच्छा होती, खरंच होती. त्यांनी शेंगांचं ताट बाजूला ठेवलं.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "सायकल आणली त्याच दिवशी म्हणाले, ब्रेक उलटे लागलेत. मी म्हटलं, मग अण्णांना सांगा की. तर म्हणाले, नको गं, पावसाळाभर खपलाय तो. सायकल कशी झालीय म्हणून दहादा विचारतोय. आता परत काढायला कुठं लावू? मी करतो की सवय."

 मी विचारलं, "वहिनी, तुम्ही तरी एक फोन..."

"मला काय ठाऊक हो, एवढ्यानं माणूस जातो म्हणून!" त्या एकदम ओरडल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या. त्यांचा फोन करायचा राहिला होता, माझं सांगायचं. आम्ही दोघं एकाच गोष्टीखाली दबलो होतो, आणि ज्यानं ती हसण्यावारी नेली असती तो मधे नव्हता. आम्ही एकमेकांना काही समजावलं नाही. समजावण्यासारखं होतं काय? निघताना त्या म्हणाल्या, "लिहा तुम्ही. सगळं लिहा, माझंही लिहा."

सायकल माझ्याकडं आहे. मी ती धुतलेली नव्हती. त्या दिवशी वहिनींकडून घरी येऊन पहिल्यांदा हँडलवरची वाळलेली माती नखानं खरवडली. डाव्या ब्रेकदांड्याच्या आतल्या अंगाला, चालवणाऱ्यालाच दिसेल अशा जागी, पांढरी चिकटपट्टी लावलेली निघाली. तिच्यावर त्याच्या बारीक अक्षरात, कन्नडमध्ये, एकच शब्द होता, 'मुंद'. म्हणजे पुढचा. माझं मन मोडू नये म्हणून तो रोज ते वाचून सवय करत होता.

नळ्या बदलायचं सामान तो गेल्यावर मी मागवलं होतं, ते आता आलंय. दोन तासांचं काम आहे, जास्त नाही. पण नळ्या बदलल्या तर त्यानं लिहिलेलं चुकीचं ठरेल. म्हणून खोकं उघडलेलं नाही.