खुर्चीवरचा रुमाल

वालूरच्या मावशी गेल्या वर्षापर्यंत कुठेही नीट बसलेल्या नव्हत्या. त्या आईच्या मैत्रीण, परभणीत आमच्याच गल्लीत राहतात, पण घरात कमी आणि दारात जास्त. चहा उभ्यानेच, तोही बशीत, कारण कप निवेपर्यंत थांबायचं कोणी? आमच्याकडच्या सत्यनारायणाला त्या प्रत्येक अध्यायाला उठल्या, तेव्हा भटजीच म्हणाले, "मावशी, साधुवाण्याची नाव तरी किनाऱ्याला लागू द्या!" स्टँडवर देवगाव फाट्याची गाडी लागली की सगळ्यांच्या आधी खिडकीतून त्यांचा रुमाल आत पडायचा. मग ती धरलेली जागा एखाद्या लेकुरवाळीला देऊन स्वतः दांडा धरून उभ्या! "बसलं की गाडी हळू चालायलीय असं वाटतंय," हे त्यांचं शास्त्र.

गेल्या वर्षी पुण्याच्या मुलामुलींचा एक ग्रुप नाट्यगृहात रॉक म्युझिकल घेऊन आला. मला ते एकटीने बघायचं होतं. इंग्रजी शाळेत शिकून झालं एवढंच, की चारचौघांत बोलायची भीती मला दोन भाषांत वाटू लागली. अंधारात, ओळखीचं कोणी शेजारी नसताना एकदा मोठ्याने गाणं ऐकावं, एवढीच इच्छा होती. आई म्हणाली, "एकटी? आन रात्रीची? मावशीला ने, न्हाईतर राहू दे." संपलंच! माझ्या शेजारी तीन तास मावशी, म्हणजे बाटलीत वावटळ.

"काय असतंय त्यात?" मावशींनी विचारलं.

"संगीत नाटकच, पण गिटार आणि ड्रम."

"मंग बसायचं कशाला?"

नाट्यगृहाचं दार उघडताच त्या माझ्या पुढे धावल्या आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून मोकळ्या झाल्या.

"मावशी, इथे नंबर असतो. कोणी घेत नाही."

"नंबर कुनी बघंना. रुमाल समदे बघतेत." मग माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "तुला एकटीनंच बघायचंय ना? बघ. मी दारात हाय. आईला सांगू नको."

आणि गेल्या. आता खरी बेचैन मीच झाले. एका गृहस्थांनी विचारलं, "इथं कुनी हाय का?" मी "आहे" म्हटलं, आणि आवाज इतका ठाम निघाला की ते आणि मी दोघंही दचकलो. ड्रम वाजायला लागले तरी मी सारखी मागे वळत होते. मावशी दारात येरझाऱ्या घालत होत्या, दारावरच्या माणसाला काहीतरी समजावत होत्या. हळूहळू मी मागे बघायची विसरले. शेवटच्या गाण्याला सगळे उठले. मीही उठले, टाळ्या वाजवल्या, ओरडलेसुद्धा. मग आठवण होऊन वळून पाहिलं, तर अख्खं नाट्यगृह उभं आणि मावशी दारावरच्या माणसाच्या स्टुलावर शांत बसलेल्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "बसलात कशा?"

"तू उठलीस ना," त्या म्हणाल्या, "मंग मला बसता आलं."

यंदा मावशींचे गुडघे गेले. आता त्या दारात खुर्ची टाकून असतात आणि बसल्या बसल्या पाय हलवत राहतात. नाटकाला मी एकटी जाते, आई विचारतही नाही. निघताना मात्र मावशी हाक मारतात आणि घडी घातलेला रुमाल माझ्या हातात देतात. तिथे नंबर असतो, हे मी आता त्यांना सांगत नाही.