पाण्याखालच्या घराची लिंक

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

लेकीला शाळेत प्रकल्प दिला होता, 'आपलं गाव'. माहिती इंटरनेटवरून शोधायची. दुपारी ती दप्तर आपटतच घरात आली.

"आई, बाईंनी पप्पांनी सांगितलेलं सगळं खोडलं."

"का गं?"

"त्याला लिंक न्हाई म्हणाल्या. ऐकीव माहिती चालत न्हाई."

नेटवरून उतरवलेलं मात्र चाललं. डिंभे धरणाची उंची, निसर्गरम्य परिसर, पर्यटकांनी जरूर भेट द्यावी.

यांचं लहानपणचं घर त्याच धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोतं उघडं पडतं. हे लेकीला दरवर्षी तिथे न्यायचे. भिंती नाहीत, दार नाही, तरी उंबऱ्याच्या जागी चपला काढायला लावायचे आणि मगच चुलीची जागा दाखवायचे. यंदा हे या जगात नव्हते. आम्ही दोघीच गेलो, चपला काढल्या.

मीसुद्धा मोबाईलवरच वाचून बरंच शिकले. नेटवर माझा राग नाही. पण तिथे कुणी लिहिलं नाही, म्हणून ते घडलंच नाही का?

बाई, ही पोस्ट सगळ्यांना दिसेल अशी ठेवलीय. उद्या लेक हिचीच लिंक लिहून आणेल. तेवढी खोडू नका.