आईचा मेंदू आणि माहेरचं लुगडं

आईने मेंदूदानाचा फॉर्म भरला तेव्हा तिचं डोकं अजून ठिकाणावर होतं. हमरापूरच्या कारखान्यात गणपतीचे डोळे रंगवण्यात तिचा जन्म गेला. तिची आई, माझी रोह्याची आजी, शेवटी पोटच्या लेकरांनाही ओळखेनाशी झाली होती. तेच आपल्याला होतंय हे कळल्यावर आई म्हणाली, "आमचं काय बिघडतंय ते बघू दे की डाक्तरांना. तुझ्यापर्यंत यायच्या आधी कळलं तर बरं नाय का गो?" मूर्तीच्या डोळ्याची रेघ ओढावी तशी तिने एका दमात सही केली. साक्षीदाराची सही माझी.

पुढे ती माझं नावही विसरली. कुंचला हातात दिला की डोळा मात्र बिनचूक उतरायचा.

एका सकाळी ती गेली. मी आधी मुंबईच्या हॉस्पिटलला फोन केला, मग रोह्याला मामाला. थोड्याच तासांत मेंदू काढला नाही तर तो अभ्यासाच्या कामाचा राहत नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. मामाला मी ते सांगितलंच नाही. बहिणीचं डोकं उघडणार, हे भावाला फोनवर कसं सांगायचं?

दुपारच्या आत हॉस्पिटलची गाडी दारात आली, आणि मोठी काकी उंबऱ्यात बसली. "माहेरचं लुगडं अंगावर पडल्याबिगर बाई घराभाईर काढायची नाय."

"काकी, संध्याकाळी परत आणणारच हायत तिला. तेव्हा नेसवू."

"म्हंजे माहेराबिगर जाईल ती? शिकलीस म्हणून काय पण बोलशील व्हय गो?"

सगळी आळी माझ्याकडे बघत होती. एरवी मी ऑफिसात साहेबालाही सुनावते. त्या दिवशी माझी दातखीळ बसली. लोक काय म्हणतील, एवढीच भीती होती. त्याची लाज अजून वाटते.

मामा तिच्या आवडीच्या गुलबक्षी काठाचं लुगडं शोधत रोह्यातली चार दुकानं फिरला. वर हायवेला कोंडी. तो पोचला तेव्हा उन्हं उतरली होती. गाडीतून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी घड्याळ बघून मान हलवली, आईच्या पायांना हात लावला आणि रिकामी गाडी घेऊन निघून गेल्या. मामा मला म्हणत होता, "काठ बघ गो, अगदी तिच्या मनासारखा मिळाला." त्याच्यावर ओरडावं की त्याच्या गळ्यात पडून रडावं, मला कळेना.

यंदा मी माझा फॉर्म भरला. हमरापूरला भावाकडे जाऊन माहेरची साडी आत्ताच मागून घेतली. तो चिडला, अभद्र बोलू नको म्हणाला, पण दिली. रामवाडीला माझ्या घरी आल्यावर ती कपाटात फॉर्मवर ठेवली आणि लेकीला दाखवली. म्हटलं, "साडी इथे आहे. कुणासाठीही थांबायचं नाही."

तिने साडीची घडी नीट केली, कपाट लावलं. मग म्हणाली, "आई, हे तू मला कालही सांगितलंस. आणि परवाही."