माणूस न्या, बंदूक ठेवा

नोकरीतली बहुतेक प्रकरणं मी विसरलो. हे एक विसरता आलेलं नाही. त्यातल्या माणसांची मुलंबाळं आज असतील, म्हणून कुणाचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली तेव्हा चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातच होतं. वैनगंगेपलीकडच्या एका ठाण्यावर मी फौजदार होतो. ठाणं म्हणजे कौलारू दोन खोल्या, एक कोठडी आणि आवारात मोहाचं झाड. हद्द अशी, की टोकाच्या गावी जायचं तर आधी सायकल, मग बैलबंडी, आणि शेवटी पायी.

धानाची कापणी चालू होती. टोकाच्या एका गोंड गावचा कोतवाल वर्दी द्यायला आला. गावातल्या एका कास्तकाराला बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, वाघाने मारलं होतं आणि गावाने प्रेत पुरूनही टाकलं होतं. त्या वाघाची वर्दी नवी नव्हती. उन्हाळ्यापासून त्याने त्याच शिवारात माणसं मारली होती.

"पंचनामा व्हायच्या आधी माती का दिली?" मी विचारलं.

"अर्धा खाल्ला होता साहेब. ठेवासारखं काई नोयतं," कोतवाल म्हणाला. बोलताना तो माझ्याकडे नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होता.

मी आकस्मिक मृत्यूची नोंद केली. पुढच्या बाजाराच्या दिवशी हवालदार एका बाईला ठाण्यात घेऊन आला. ती मृताची बहीण. दुसऱ्या गावी दिलेली. बाजारात मिठाच्या दुकानासमोर ती मोठमोठ्याने रडत होती आणि माणसं भोवती जमली होती.

"मी मातीले गेली होती साहेब. माह्या भावाचं तोंड मले पाहू नाई देल्लं. वाघानं खाल्लं म्हणते, तं कपडे कुठी हायत? फाटलेलं धोतर तरी दाखवा म्हटलं. कोनी बोलत नाई. माही वैनीबी बोलत नाई."

"तुझा संशय कुणावर आहे?"

"कोनावरच नाई. मले फक्त सांगा का झालं."

तहसीलदारांची परवानगी घेऊन प्रेत उकरलं. दवाखान्यातले डॉक्टर बंडीत बसून आले होते, वाटभर कुरकुरत. प्रेत पाहिल्यावर त्यांची कुरकुर थांबली. खाल्ल्याची एकही खूण अंगावर नव्हती. मानेजवळ, खांद्याच्या वरच्या बाजूला जखम होती. तिच्यातून त्यांनी चिमट्याने बिडाचे, बहुधा फुटक्या तव्याचे, तुकडे काढले आणि माझ्या हातरुमालावर ठेवले.

"फौजदार, तुमचा वाघ भरमार बंदूक चालवतो," ते म्हणाले.

ज्यांनी भरमार पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. या बंदुकीत काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधीचा बोळा गजाने ठासायचा, वर हाताला लागेल ते लोखंड भरायचं. मागे तांब्याची छोटी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी दारूपर्यंत जाते. जाते म्हणजे, जावी अशी अपेक्षा असते. जंगलातले लोहार अशा बंदुका चोरून बनवत. विनापरवाना बाळगली तर हत्यार कायद्याखाली सरळ खटला.

पोलिसाच्या डोक्यात पहिली येते ती जमीन. घरात दोघं भाऊ. थोरला मेला, धाकटा अविवाहित, त्याच घरात राहणारा, शेती सामाईक. मी गावात मुक्काम टाकला आणि एकेकाच्या जबान्या घेतल्या. म्हातारे, बाया, गुराखी, सगळ्यांनी एकच वाक्य सांगितलं: "बांधीत होता, वाघानं नेलं." इतक्या वर्षांत एक गोष्ट मी पाहिली आहे. खरं सांगणारी माणसं एकमेकांपेक्षा थोडं थोडं वेगळं सांगतात. ठरवून बोलणाऱ्यांचे शब्दही सारखे असतात. पण खुनाची गोष्ट लपवायला अख्खं गाव, मृताच्या बायकोसकट, एक होतं, हे माझ्या पाहण्यात नव्हतं. तिला मी विचारलं, तेव्हा तिने कडेवरचं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं आणि तेच वाक्य सांगितलं.

शेवटी धाकट्याला समोर बसवलं. त्याला मारहाण केली नाही, दरडावलंही नाही. रुमाल उलगडून लोखंडाचे तुकडे त्याच्यासमोर ठेवले. त्याने एक तुकडा उचलला, अंगठ्याने पुसला.

"आमचाच तवा हाय," तो म्हणाला. "वैनीच्या हातून फुटला होता." आणि मग त्याला रडू आवरेना.

त्याने सांगितलं ते असं. वाघाने त्यांचा बैल मारला होता. अर्धवट खाल्लेल्या बैलावर वाघ परत येतो, म्हणून दोघं भाऊ दुपारपासून बांधीच्या कडेला झाडावर मचाण बांधून बसले. दिवस बुडायला आला तेव्हा वाघ आला. धाकट्याने नेम धरून घोडा ओढला. घोडा टोपीवर खटकन आपटला, पण बार उडाला नाही. आदल्या रात्रीच्या दवाने टोपी सर्दावली असावी. वाघ आवाजाने निघून गेला. बराच वेळ थांबून थोरला म्हणाला, "चाल, घरी जाऊ," आणि खाली उतरायला लागला. बार फुकट गेला असं समजून धाकट्याने ती मांडीवर आडवी घेतली. टोपी काढायला घोडा उचलला. त्याचं बोट निसटलं. या वेळी ठिणगी गेली.

"मग वाघाने नेलं, असं कोण म्हणालं?" मी विचारलं.

"गाव."

मी पाटलाला बोलावलं. म्हातारा, वाळलेला माणूस. आता लपवण्यात अर्थ नाही हे त्याला कळलं होतं. तो स्वतःच उठला आणि तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगातून गोणपाटात गुंडाळलेली बंदूक काढून आणली.

"पयले मालगुजाराची परवान्याची बंदूक होती," तो म्हणाला. गावच्या जमीनदाराला तिकडे मालगुजार म्हणत. "मालगुजारी गेली, मालगुजार शहरात गेला, बंदूकबी गेली. वाघ मात्र गेला नाई. आमी परवान्यासाठी अर्ज देल्ला. कचेरीत विचारलं, जमीन किती, ऐपत काय, जामीन कोन. मंग लोहाराकडून हे घेतली. हे कोनाएकाची नाई साहेब, गावाची हाय. खरं सांगतलं असतं तं तुमी घेऊन गेले असते. बाया बोडीवर पाण्याले कशा जातीन? गुरं कोन चारन?"

"या बंदुकीने आजवर वाघ मारला?"

"नाई. पण आवाज होते."

मृताची बायको दारात उभी होती. या वेळी तीच बोलली. "गावानं मले इचारलं होतं. मीच हो म्हटलं. धनी तं गेला. बंदूक गेली तं लेकरंबी जातीन."

मुद्देमाल जप्त केला. धाकट्याला निष्काळजीपणाने मृत्यू आणि हत्यार कायदा या कलमांखाली अटक केली. बंडी जुंपली, तेव्हा पाटलाने माझ्या शिपायाचा हात धरला.

"साहेब, माणूस न्या. बंदूक ठेवा."

मला वाटलं, धाकटा यावर काही बोलेल. त्याने मान हलवली. होकारार्थी.

तसं करण्याची माझी प्राज्ञा नव्हती. दोन्ही घेऊन निघालो. बंडीमागे कुणी आलं नाही.

ठाण्यावर पोचताच मी वर लिहिलं: गावाला पीकसंरक्षणाचा परवाना द्यावा, वाघाच्या बंदोबस्ताला शिकारी पाठवावा. शिकारी आला. त्याच्याकडे उत्तम विलायती रायफल होती. चार रात्री बसला, वाघ दिसला नाही, रजा संपली म्हणून गेला. मुख्यालयातल्या शस्त्र तपासणाऱ्या अधिकाऱ्याने आमची भरमार उडवून पाहिली आणि अभिप्राय लिहिला, की हे हत्यार ज्याच्यावर रोखावं त्यापेक्षा ज्याच्या हातात आहे त्यालाच अधिक घातक आहे. अभिप्राय बिनचूक होता. खटल्यात उपयोगी पडला.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुलं पडायला लागली तेव्हा पुन्हा तोच कोतवाल वर्दी घेऊन आला. बोडीवर, म्हणजे गावच्या तळ्यावर, सकाळी पाण्याला गेलेल्या बाईला वाघाने नेलं होतं. तीच ती, मृताची बायको. या खेपेस कुणी माती दिली नव्हती. मी जाईपर्यंत गाव प्रेताभोवती बसून होतं. मी स्वतः पाहिलं. वाघच होता.

धाकटा चांद्याच्या तुरुंगात कच्चा कैदी होता. ही बातमी त्याला मीच सांगावी असं वाटलं. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "खरंच वाघानं, साहेब? का गाव म्हणते म्हणून?"

"मी पाहिलं," मी म्हणालो. तो भिंतीकडे तोंड करून बसला.

त्याला शिक्षा थोडी झाली. सुटल्यावर तो गावी गेलाच नाही, बल्लारपूरच्या कोळसा खाणीत लागला असं कळलं. मुलं आत्याने नेली, जिने ठाण्यात येऊन 'का झालं ते सांगा' म्हटलं होतं तिने. पुढे बाजारात ती मला दिसे, दोन्ही लेकरं हाताला धरून. तिने कधी दोष दिला नाही. नमस्कारही केला नाही.

परवाना मंजूर झाला तो पावसाळ्यानंतर. तो द्यायला मी मुद्दाम स्वतः गेलो. निम्म्या झोपड्या रिकाम्या होत्या. माणसं नदीपलीकडे मजुरीला निघून गेली होती. पाटलाने कागद हातात घेतला, उलटासुलटा पाहिला.

"कुणाच्या नावाने करू?" मी विचारलं.

जमलेल्या माणसांकडे त्याने पाहिलं. सगळे खाली बघत होते. तो म्हणाला, "बंदूक धरन कोन, साहेब?"

निवृत्तीनंतर नागपुरात सकाळी फिरायला जाणाऱ्यांत हा वाद कधीतरी निघतो. कुणी म्हणतं, प्रत्येकाला स्वसंरक्षणासाठी बंदूक हवी. कुणी म्हणतं, बंदूक घरात आली की घरचंच माणूस मरतं. पोलिसात होतो म्हणून माझं मत विचारतात. मी दोन्ही बाजूंना मान डोलावतो, कारण त्या एका गावात मी दोन्ही खरं होताना पाहिलं. या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच, की काही ठिकाणी माणसासमोर बरं आणि वाईट असे दोन रस्ते नसतातच. त्यानं मरावं कशानं, एवढंच काय ते ठरायचं असतं, आणि तेही दुसरेच ठरवतात.

तपास निर्दोष झाला, गुन्हा शाबीत झाला, माझ्या सेवापुस्तकात चांगला शेरा आला. त्या गावातलं एकही माणूस त्यामुळे वाचलं नाही.