कुलूपबंद जागेची अट

निवृत्त झाल्यावर बऱ्याच केसेस डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हे आता मला जुन्या सहकाऱ्यांना फोन करून विचारावे लागते. गाडीचोरीची ही एक केस मात्र जशीच्या तशी लक्षात आहे. खून नाही, दरोडा नाही, पेपरात चार ओळीसुद्धा आल्या नाहीत. तरीही तिने मला जेवढा मनस्ताप दिला तेवढा मोठमोठ्या गुन्ह्यांनी दिला नाही. यातली माणसे अजून लालबाग-परळ भागातच राहतात, म्हणून नावे लिहीत नाही.

तेव्हा मी त्या भागातल्या एका ठाण्याची वरिष्ठ निरीक्षक होते. गणेशोत्सव तोंडावर आला होता. त्या दिवसांत आमच्याकडे कुणालाच रजा नसते. मंडपाच्या परवानग्या, मिरवणुकीचे मार्ग, वर्गणीवरून भांडणे आणि त्यातच वरून साहेबांचे फोन. अशा धांदलीत एका सकाळी साठीचा एक गृहस्थ फिर्याद द्यायला आला. महापालिकेतून वायरमन म्हणून निवृत्त झालेला, सरळमार्गी दिसणारा माणूस. त्याची गाडी चोरीला गेली होती.

गाडी साधीसुधी नव्हती. त्याचे वडील एका गिरणीमालकाचे ड्रायव्हर होते. गिरणी बंद पडली तेव्हा शेठने आपली जुनी विलायती गाडी या ड्रायव्हरला देऊन टाकली. गोल बोनेट, जाड पत्रा, आत चामड्याच्या सीट. वडील गेल्यावर मुलाने ती जिवापाड जपली. दसऱ्याला झेंडूची माळ घालून ती चाळीतून बाहेर निघाली की पोरंटोरं मागे धावायची आणि म्हातारे गिरणीच्या दिवसांच्या आठवणी काढत बसायचे.

फिर्याद सरळ होती. गाडी रात्री त्याच्या मित्राच्या पत्र्याच्या शेडमध्ये कुलूपबंद ठेवलेली होती, सकाळी पाहिले तर नाही. मित्र मूर्तिकार. दोघे एकाच चाळीत वाढलेले. शेडला दोन किल्ल्या, एक मूर्तिकाराकडे, एक गाडीमालकाकडे. कुलूप मात्र शाबूत होते.

"विमा आहे?" मी विचारले.

"आहे मॅडम, फुल आहे," तो म्हणाला. मग थोडे थांबून, "गाडी शेडमध्येच होती. तेवढं नीट लिहा."

फिर्यादी असे सांगतातच. मी जबाब लिहून घ्यायला सांगितला आणि एका तरुण उपनिरीक्षकाला पंचनाम्याला पाठवले. तो नांदेडकडचा, हुशार आणि मेहनती. त्याने कुलपाचे फोटो काढले, कडी मोजली, शेडच्या गल्लीतल्या दुकानांचे कॅमेरे तपासले. गाडी बाहेर जाताना कुठेच दिसत नव्हती. अर्थात त्या दिवसांत निम्मे कॅमेरे मंडपाच्या कापडामागे गेलेले असतात.

कुलूप न तोडता वस्तू गेली की पोलीस आधी किल्लीकडे बघतात. त्यातच आमचा एक जुना खबरी आला. फुटपाथवर चहा विकणारा, डोळे सगळीकडे. म्हणाला, "मॅडम, तुमचा मूर्तिवाला आणि त्याचे दोन कामगार गाडी ढकलत शेडच्या बाहेर काढत होते. मी स्वतः बघितलं. इंजिनचा आवाज नको म्हणून ढकलत असणार."

मूर्तिकाराला नोटीस देऊन चौकशीला बोलावले. काटक शरीर, नखांत शाडू अडकलेली, मालवणकडचा माणूस. त्याला सकाळी बसवायचे आणि संध्याकाळी सोडायचे, असे सुरू झाले. चौकशीत माणसे दोन प्रकारची भेटतात. एक फार बोलतो, दुसरा रडतो. हा दोन्हींत बसेना.

"गाडी शेडमध्ये होती?"

"व्हती."

"त्या रात्री तू बाहेर काढलीस?"

"नाय."

"ढकलताना तुला पाहिलंय लोकांनी."

यावर तो नखांतली शाडू काढत बसायचा. नाकारायचा नाही, कबूलही करायचा नाही. उपनिरीक्षकाला खात्री पटली की माणूस पक्का आहे. मलाही तेच वाटायला लागले होते, हे खरे.

तिकडे त्याचा धंदा मोडायला आला होता. वर्षाची सगळी कमाई त्या दोन महिन्यांवर, आणि ऐन हंगामात माणूस ठाण्याच्या बाकड्यावर. एका मंडळाचे दोन कार्यकर्ते मला भेटायला आले. खुर्चीच्या कडेवर बसून त्यातला एक म्हणाला, "मॅडम, आमची मूर्ती तिथे आहे. उद्या याला अटक झाली तर लोक काय म्हणतील? चोराच्या हातचा बाप्पा बसवला म्हणतील. तुम्ही आम्हाला आजच सांगा, म्हणजे आम्ही दुसरी सोय बघू." मी त्यांना दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. वरून अटकेबद्दल विचारणा सुरू झालीच होती. मी संध्याकाळपर्यंत वेळ मागून घेतला.

त्याच दुपारी मी जेवायला उठले आणि बाहेरच्या बाकड्याकडे लक्ष गेले. मूर्तिकार डबा खात होता. शेजारी फिर्यादी बसला होता. डबा त्यानेच आणला होता. ठाणे अंमलदाराला विचारले तर म्हणाला, "रोज आणतो मॅडम. पाणीबिणी देतो, थांबतो आणि जातो."

माझ्या सगळ्या नोकरीत चोरी झालेल्या माणसाने संशयिताला जेवण आणलेले मी पाहिले नव्हते. फिर्यादी संशयिताच्या अंगावर धावून जातो, आईबहीण काढतो, निदान तोंड तरी फिरवतो. इथे हा त्याच्या भाकरीवर चटणी वाढत होता आणि दोघे एकमेकांकडे बघत मात्र नव्हते. जेवण तसेच टाकून मी जीप काढायला सांगितली आणि शेडवर गेले.

माझे माहेर याच भागातले. लहानपणी शाळेतून येताना आम्ही मूर्तींच्या कारखान्यांच्या दारात तासन्‌तास उभ्या राहायचो, म्हणून मी आधी मूर्तीकडे पाहिले. दारातून आत पाऊल टाकले की समोरच शाडूची मोठी मूर्ती बसली होती. जमिनीवर लाकडी पाट, त्यावर गवताचा आणि बांबूचा सांगाडा, वर मातीचे थर. बाजूला हॅलोजन लावून ती सुकवत ठेवली होती. डाव्या-उजव्या भिंतींना लागून लहान मूर्तींच्या फळ्या. शाडूची एवढी मूर्ती जिथे बसवतात तिथेच घडते. ओली असताना ती इंचभर हलवली तरी तडा जातो, आणि पावसाळ्यात सुकायला ती आठवडे घेते. चोरी होऊन मोजके दिवस झाले होते. मूर्ती त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे होती. मग गाडी कुठे उभी होती?

आमच्या पंचनाम्यात कुलूप होते, कडी होती, कोयंडा होता. मूर्ती नव्हती. उपनिरीक्षकाने दारात बूट काढून देवाला हात जोडले होते आणि मग कुलपाचे फोटो काढले होते. त्याला काय बोलणार!

परत येताना खबऱ्याच्या टपरीवर थांबले.

"गाडी ढकलत होते तेव्हा पाऊस होता का रे?"

"नाय मॅडम, पाऊस कुठला? धूळ उडत होती. घामाघूम झाले होते तिघे."

चोरीच्या आठवड्यात पावसाने उसंत घेतलेली नव्हती. खबऱ्याची खबर बहुधा खरी असते, दिवस मात्र तो आपल्या सोयीने सांगतो. मूर्तिकाराने गाडी बाहेर काढली होती, पण पावसाळा सुरू होण्याआधी, मूर्तीला जागा करायला.

फिर्यादीला मी ठाण्यात न बोलावता शेडवर आणले. मूर्तीसमोर उभे केले.

"दाखवा, गाडी कुठे होती?"

त्याने एकदा मूर्तीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि तिथेच मातीच्या पोत्यावर बसला. "माझा क्लेम जाईल, मॅडम," एवढेच बोलला.

मग सगळे बाहेर आले. विम्याच्या एजंटने त्याला तीन मार्ग सांगितले होते. एक, नुसता थर्ड पार्टी. कुणाला धडक बसली तर समोरच्याचे भरेल, आपली गाडी गेली तर गेली. दुसरा, गाडीची किंमत आधी ठरवून पूर्ण विमा. त्याचा हप्ता पेन्शनीत बसेना. तिसरा मार्ग सवलतीचा. जुन्या गाड्यांच्या क्लबचे प्रमाणपत्र आणायचे, गाडी कमी चालवायची आणि रात्री कुलूपबंद, छपराखाली ठेवायची. हे सगळे लिहून दिले की पूर्ण विमा त्याच्या आवाक्यात येत होता. त्याने लिहून दिले. छप्पर मित्राचे होते.

"तो म्हणाला होता, वटपौर्णिमेपर्यंत जागा तुझी, मग बाप्पाची," तो सांगत होता. "मला वाटलं, दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. शेडच्या मागे बंद गिरणीची भिंत आहे, तिला लावून ताडपत्री टाकायची. कोण बघतंय?"

"आणि तुमचा मित्र अटकेच्या दारात उभा आहे, ते?"

"वाटलं, त्याने केलंच नाही, तर तुम्ही काय करणार? सोडाल आज ना उद्या."

मला इतका संताप आला की मी बाहेर जाऊन उभी राहिले. पोलिसांवरचा एवढा विश्वास मला मित्राच्या जिवावर नको होता.

ठाण्यात येऊन मूर्तिकाराला विचारले, "गाडी शेडमध्ये नव्हती, हे का नाही सांगितलंस?"

"त्याच्या बापाची आठवण व्हती ती गाडी. पैसे मिळाले असते तर त्यान दुसरी तशीच घेतली असती." मग म्हणाला, "त्यानच येऊन सांगूचा व्हता, मॅडम. मी वाट बघी व्हतंय."

खरी जागा कळल्यावर तपासाला वेळ लागला नाही. गिरणीच्या भिंतीसमोरच्या दुकानाचा कॅमेरा चालू होता. त्यात फिर्यादीच्या आदल्या दिवशी, भरदुपारी दोघे जण टोइंगची गाडी घेऊन येतात, ताडपत्री काढतात, हुक लावतात आणि निघून जातात. रस्त्यावरची माणसे बघत होती. सगळ्यांना वाटले, महापालिका बेवारस गाड्या उचलते आहे. टोइंगच्या नंबरवरून आम्ही अँटॉप हिलच्या बाजूच्या एका गोदामात पोचलो. दोन्ही चोर सापडले, गाडीही सापडली. पण इंजिन काढून विकलेले, दारे नाहीत, सीट नाहीत. पकडलेल्यांपैकी एकाने सांगितले की पहिले दोन दिवस तिला कुणी हातही लावला नव्हता, ते गिऱ्हाईक शोधत होते. फिर्यादीने पहिल्या दिवशी खरी जागा सांगितली असती तर गाडी अख्खी मिळाली असती. हे मी त्याला सांगितले नाही. त्याने कुठून तरी ऐकलेच असेल.

एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायला हवी. दुसऱ्या दिवशी मंडळाचे कार्यकर्ते आले तेव्हा त्याने त्यांच्यासमोर, मूर्तिकारासमोर, सगळे आपल्या तोंडाने सांगितले. काही लपवले नाही. विमा कंपनीलाही स्वतः कळवले. क्लेम अर्थात गेला. कार्यकर्ते म्हणाले, "आम्हाला खात्रीच होती." मूर्तिकार उठला. काम खोळंबले आहे म्हणाला आणि शेडवर निघून गेला. फिर्यादी त्याच्या मागे दारापर्यंत गेला आणि परत आला.

मूर्ती वेळेवर मंडपात गेली. आमच्या कागदावर गुन्हा उघड, आरोपी अटकेत, मुद्देमाल हस्तगत. वरून शाबासकीही आली. पुढच्या वर्षी मी बंदोबस्तासाठी त्या मंडळात गेले तेव्हा मूर्ती वेगळ्या हातची दिसली. विचारले तर म्हणाले, "या वर्षी थीम बदलली, मॅडम." आणखी एका मंडळाने त्या वर्षी आपली मूर्ती पेणहून आणली. मूर्तिकाराचे काम निम्म्यावर आले होते. चोर दुसरेच निघाले, हे त्या भागात सगळ्यांना माहीत होते. पण त्याला ठाण्याच्या बाकड्यावर बसलेला जेवढ्यांनी पाहिला, तेवढ्यांनी सुटलेला पाहिला नव्हता. गाडीची फिर्याद आली, तिचा तपास झाला. मूर्तिकाराचे जे गेले त्याची फिर्याद कुणी दिली नाही, आणि दिली असती तरी ती नोंदवायला मला कुठले कलम सापडले नसते.

दोघांचे बोलणे पुढे सुरू झाले की नाही, मला माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही.

आता नात्यातली, सोसायटीतली माणसे मला विचारतात, जुनी गाडी आहे, स्वस्तातला विमा कुठला घेऊ? पोलिसात होते म्हणजे मला सगळे कळते, असा लोकांचा समज आहे. मी सांगते, स्वस्त जरूर घ्या, त्यात लाज नाही, नुसता थर्ड पार्टी घेतलात तरी चालेल. फक्त जी अट तुम्हाला वर्षाचे बारा महिने पाळता येणार नाही, ती लिहून देऊ नका. तिची किंमत मग तुमच्याऐवजी दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागते.